संत थॉमस मोर: नातवंडांच्या मेळ्यातील नाताळ आणि तुरुंगातील नाताळ

प्रभू येशूच्या जन्माचा सण जवळ आला की घराघरांतील आजीआजोबांचे डोळे वाटेकडे लागतात. मुले, सुना, लेकी, जावई आणि नातवंडे एका छताखाली जमावीत, सर्वांनी मिळून मध्यरात्रीच्या मिस्सेला जावे आणि परतल्यावर एका पंगतीस बसावे, ह्याहून मोठे सुख त्यांना ठाऊक नसते. हे सुख मनमुराद अनुभवलेल्या आणि सद्सद्विवेकासाठी त्यावर पाणी सोडलेल्या एका आजोबांची ओळख आम्ही आज वाचकांस करून देत आहोत. ते म्हणजे इंग्लंडचे हुतात्मे संत थॉमस मोर.

थॉमस मोर ह्यांचा जन्म १४७८ साली लंडन येथे झाला. त्यांचे वडील जॉन मोर हे कायदेपंडित होते व पुढे ते न्यायाधीश झाले. बालवयात थॉमस ह्यांना कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन ह्यांच्या वाड्यात सेवेसाठी ठेवण्यात आले. तेथे नाताळच्या दिवसांत नाटके होत असत. हा चुणचुणीत मुलगा अचानक नटमंडळींत शिरे आणि कोणतीही तयारी नसताना आपली स्वतःची भूमिका रचून सर्वांना हसवून सोडी, अशी आठवण त्यांचे जावई विल्यम रोपर ह्यांनी नोंदवून ठेवली आहे. नाताळ आणि निर्मळ विनोद ह्यांचे त्यांच्या आयुष्यातील नाते असे लहानपणापासूनचे होते.

ऑक्सफर्ड येथील शिक्षणानंतर ते वकील झाले. तरुणपणी सुमारे चार वर्षे त्यांनी लंडनच्या कार्थुसियन मठाच्या सान्निध्यात प्रार्थनेत घालविली आणि अखेर संसाराचा मार्ग पत्करला. त्यांची पहिली पत्नी जेन हिच्यापासून त्यांना मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली व जॉन ही चार अपत्ये झाली. १५११ साली जेन निवर्तली. लहानग्या लेकरांना आई हवी म्हणून त्यांनी लवकरच ॲलिस नावाच्या विधवेशी विवाह केला. तिची मुलगी, तसेच मार्गारेट गिग्ज ही मानसकन्या आणि ॲन क्रेसेकर ही त्यांच्या पालकत्वाखालील मुलगी ही सर्व एकाच घरात वाढली. मुलींनाही मुलाप्रमाणेच लॅटिन व ग्रीक शिकविणारा हा पिता त्या काळी अपवादात्मकच म्हणावा लागेल.

१५२४ च्या सुमारास हे कुटुंब थेम्स नदीकाठी चेल्सी येथे राहावयास गेले. मुलामुलींची लग्ने झाली, तरी घर विस्कटले नाही. १५३२ साली त्यांचे मित्र इरॅस्मस ह्यांनी ह्या घराचे जे वर्णन केले, त्यात पत्नी, मुलगा, सून, तीन मुली, जावई आणि तब्बल अकरा नातवंडे ह्यांचा उल्लेख आहे. जेवणाच्या वेळी प्रथम पवित्र शास्त्रातील उतारा वाचला जाई, त्यावर चर्चा होई आणि मग घरचा विदूषक हेन्री पॅटन्सन ह्याच्या गमतीजमतींना वाव मिळे. पत्ते व जुगार ह्यांना मात्र थारा नव्हता.

मोठ्या सणांच्या रात्री सारे घर, चाकरमाणसांसह, उपासनेला जागे राही. त्या काळी इंग्लंडात नाताळ एका दिवसाचा नव्हता. आगमनकाळातील उपवासानंतर ख्रिस्तजन्मापासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत बारा दिवस उत्सव चाले. ख्रिसमस ट्री तेव्हा इंग्लंडात आला नव्हता; गायन, नाटके, पाहुणचार आणि प्रार्थना हीच सणाची शोभा होती. थॉमस मोर श्रीमंतांपेक्षा गरीब शेजाऱ्यांनाच आपल्या पंगतीस अधिक बोलावीत. निराधार वृद्धांसाठी त्यांनी चेल्सीत एक घरही चालविले होते. १५२९ साली आगीत त्यांची धान्याची कोठारे भस्मसात झाली, तेव्हा शेजाऱ्यांचे जे धान्य जळाले असेल ते भरून द्यावे, असे त्यांनी पत्नीला लगोलग कळविले.

त्याच वर्षी राजे आठवे हेन्री ह्यांनी त्यांना लॉर्ड चॅन्सलर हे सर्वोच्च पद दिले. त्या पदावर असताना पाखंडी ठरविलेल्या काही जणांना जाळण्यात आले, हे सत्य आम्ही झाकू इच्छित नाही. संतही आपल्या काळाच्या मर्यादांतच जगत असतात. परंतु राजाने पोपमहोदयांचा अधिकार झुगारण्याचा मार्ग धरला, तेव्हा १६ मे १५३२ रोजी त्यांनी पद सोडले. मिळकत एकाएकी आटली. त्यांनी मुलाबाळांना एकत्र बोलावून सांगितले की, आता प्रत्येकाने खर्चाचा वाटा उचलावा, जेवण पायरीपायरीने साधे करावे, आणि तेही न परवडल्यास सर्वांनी झोळ्या घेऊन मरियामातेचे स्तोत्र गात दारोदार जावे. पण एकमेकांची सोबत सोडू नये.

ही सोबत सुटली, परंतु दारिद्र्यामुळे नव्हे. १५३४ च्या एप्रिल महिन्यात त्यांना वारसाहक्काची शपथ घेण्यासाठी बोलावणे आले. एरवी घरची माणसे त्यांना नावेपर्यंत पोहोचवीत, मुलेबाळे त्यांचे चुंबन घेत. त्या दिवशी मात्र त्यांनी बागेचे फाटक आपल्यामागे ओढून घेतले व कोणालाही पुढे येऊ दिले नाही. १७ एप्रिल रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्यांची रवानगी झाली.

त्या वर्षीचा नाताळ त्यांनी कोठडीत काढला. संसदेने त्यांची मालमत्ता जप्त केली होती. नाताळच्याच सुमारास ॲलिसबाईंनी व मुलांनी राजाकडे दयेचा अर्ज केला. तो निष्फळ ठरला. कैद्याच्या व त्याच्या सेवकाच्या जेवणाखाणापोटी दर आठवड्याला पंधरा शिलिंग भरावे लागत. पुढे त्यासाठी ॲलिसबाईंना आपले कपडेही विकावे लागले. लाडकी लेक मार्गारेट हिनेही वडिलांना शपथ घेण्याची गळ घातली होती. एक शब्द उच्चारला असता तर ते नातवंडांत परतले असते. ह्या प्रेमाच्या विनवण्या राजाच्या धमक्यांपेक्षा त्यांना अधिक जड गेल्या असतील, असे आम्हांला वाटते. तरीही त्यांचा निश्चय ढळला नाही. त्याच बंदिवासात त्यांनी संकटातील सांत्वनावर ग्रंथ लिहिला.

१ जुलै १५३५ रोजी त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. परतताना टॉवरच्या धक्क्यावर मार्गारेट पहारेकऱ्यांच्या गर्दीतून धावत गेली व तिने वडिलांना मिठी मारली. ५ जुलै रोजी कोळशाने लिहिलेल्या अखेरच्या पत्रात त्यांनी मुली, जावई, मुलगा, सून ह्या सर्वांना आशीर्वाद दिले आणि जॉनच्या थॉमस व ऑगस्टिन ह्या चिमुकल्यांची नावे घेऊन आठवण काढली. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिरच्छेद झाला.

नातवंडांनी ही आठवण जपली. मार्गारेटची मुलगी मेरी हिने आजोबांच्या ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील लॅटिन ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला, तो १५५७ साली छापला गेला. पत्रात उल्लेखिलेल्या थॉमसचा पुत्र क्रेसेकर मोर ह्याने पुढे आपल्या पणजोबांचे चरित्र लिहिले. पोप अकरावे पायस ह्यांनी १९ मे १९३५ रोजी थॉमस मोर ह्यांना संतपद बहाल केले, आणि २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते घोषित केले. २२ जून रोजी त्यांचा सण असतो.

नाताळच्या पंगतीत नातवंडांना मिठाई व भेटवस्तू आपण देतोच. त्यासोबत एकत्र प्रार्थनेची सवय, गरिबांसाठी राखलेले एक पान आणि सत्यासाठी झळ सोसण्याची तयारी हा वारसाही आपण द्यावा. एखाद्या घरी ह्या नाताळला कोणाची जागा रिकामी असेल, तर त्या कुटुंबाने चेल्सीच्या घराचे स्मरण करावे. तेथीलही एक जागा रिकामी झाली; पण त्या आजोबांनी दिलेली श्रद्धा पणतवंडांपर्यंत पोहोचली.