परक्या प्रहसनाला मराठी करणारे देवल

'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ मध्ये सांगलीजवळील हरिपूर येथे झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या सहवासात ते नाटककार व तालीममास्तर म्हणून घडले. आर्थर मर्फी यांचे 'ऑल इन द राँग' हे १७६१ चे इंग्रजी प्रहसन मोलिएरच्या फ्रेंच नाटकावर बेतलेले होते. त्यावरून देवलांनी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक रचले. फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती अशी महिन्यांची व नक्षत्रांची नावे पात्रांना दिली आणि तसबिरीवरून उठलेला संशय अस्सल मराठी घरातला वाटू लागला. पुढे पदांची भर घालून त्यांनी त्याचे 'संशयकल्लोळ' केले. मात्र जून १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. ते यश पाहणे देवलांच्या नशिबी नव्हते.