डिझेल नावाचा माणूस

पेट्रोल पंपावर ‘डिझेल’ हा शब्द आपण रोज वाचतो. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

रुडॉल्फ डिझेल १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये जन्मला. आईवडील जर्मन, वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे कुटुंबाला लंडन गाठावे लागले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी ऑग्जबर्गला नातेवाइकांकडे झाली. शिष्यवृत्तीवर तो म्युनिकच्या तंत्रशाळेत शिकला. विषमज्वराने अखेरची परीक्षा हुकली. १८८० मध्ये ती त्याने उत्तम गुणांनी पार केली.

त्या काळची वाफेची इंजिने कोळशातील नव्वद टक्के उष्णता वाया घालवीत. शिवाय ती परवडत बड्या गिरणीमालकांनाच. विणकर, सुतार यांच्या हाती स्वस्त शक्ती द्यावी, ही डिझेलची तळमळ होती. कारागिराच्या मुलाला हे सुचावे यात मला नवल वाटत नाही. त्याची युक्ती अशी : सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी तशी व्हावी आणि तेल आत शिरताच ठिणगीवाचून पेट घ्यावे. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. त्याच वर्षी ऑग्जबर्गच्या कारखान्यातील पहिल्या चाचणीत स्फोट झाला. पण तो हटला नाही. १८९७ मध्ये प्राध्यापक श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा इंधनातील २६ टक्के उष्णता कामी आल्याचे दिसले.

एवढे करूनही कारागिराला काय मिळाले? सुमारे २० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाचे वजन साडेचार टन होते! ट्रकवर ठेवले असते तर माल ठेवायला जागा उरली नसती. तेल आत फवारण्यासाठी दाबाची हवा लागे, त्यासाठी वेगळा काँप्रेसर. त्यामुळे हे इंजिन कारखान्यांत आणि जहाजांतच रमले. लहान इंजिन करून ट्रकला बसवण्याचा त्याचा प्रयत्नही फसला.

पैसा आला आणि सट्ट्यात गेला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत सापडले. खिशातील वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या की घातपात, यावर लोकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला त्याहून जास्त चुटपुट लागते ती दहा वर्षांची.

कारण १९२३ साली बेंझ कंपनीने पाच टनी ट्रकला काँप्रेसरवाचून चालणारे, सुमारे ५० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन बसवले. आज युरोपात जड ट्रकसाठी ७०० हून अधिक अश्वशक्तीचेही इंजिन निवडता येते. आमच्या भागात एकच ट्रक घेऊन तो स्वतःच चालवणारे मालक आहेत. त्यांना पाहिले की डिझेलचा विणकर-सुतार आठवतो. १९२४ मध्ये ऑग्जबर्गच्याच कारखान्याचा डिझेल ट्रक आला आणि १९२७ पासून बॉश कंपनीने तेल फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला.