जिंजरब्रेडचं घर सुरांत बांधणारा माणूस

एंगेलबर्ट हम्परडिंक म्हटलं की आमच्या पिढीला तो रेडिओवरचा पॉप गायक आठवतो. मद्रासला जन्मलेला तो गायक मूळचा अर्नोल्ड डॉर्सी. १९६५ साली त्याच्या मॅनेजरने त्याला एका जर्मन संगीतकाराचं नाव दिलं. मला आज सांगायचंय ते त्या मूळ मालकाबद्दल. नाताळात आपली मुलं शाळेतून जिंजरब्रेडची घरं करून आणतात ना, त्यात या गृहस्थांचा मोठा वाटा आहे.

हम्परडिंक १८५४ साली बॉनजवळच्या झीगबुर्गला जन्मले. वडील शिक्षक. मुलाने आर्किटेक्ट व्हावं ही घरची इच्छा (आपल्याकडे 'इंजिनियर हो' म्हणतात, तसंच!). पण ते १८७२ मध्ये कोलोनला संगीत शिकायला गेले. १८७९ मध्ये मेंडेल्सन पारितोषिक मिळालं, त्यातून इटलीला गेले आणि तिथे भेटले साक्षात रिचर्ड वॅग्नर. वॅग्नरनी त्यांना बायरॉइटला बोलावून घेतलं. 'पार्सिफाल'च्या तयारीत हम्परडिंकनी मदतनीस म्हणून राबराब राबून काम केलं.

१८८३ मध्ये वॅग्नर गेले. वडाच्या सावलीत दुसरं झाड वाढत नाही म्हणतात. हम्परडिंकनी शिकवण्या केल्या, वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहिली. पण स्वतःचं म्हणावं असं मोठं काही होईना.

मग १८९० मध्ये बहीण आडेलहाइडने घरच्या मुलांच्या नाटुकल्यासाठी काही गाण्यांना चाली मागितल्या. गोष्ट होती हॅन्सेल आणि ग्रेटेलची. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पुस्तकात चेटकिणीचं घर पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. ऑपेरात मात्र जिंजरब्रेडची मुलं कुंपणासारखी उभी असतात आणि चेटकीण भट्टीत गेल्यावर ती पुन्हा जिवंत होतात. जर्मन मुलांना हा खाऊ घरचाच. न्यूर्नबर्गच्या जिंजरब्रेडवाल्यांचा स्वतंत्र संघ १६४३ पासूनचा!

त्या घरगुती गाण्यांची वाढत वाढत ऑपेरा झाली. २३ डिसेंबर १८९३ ला वायमारला पहिला प्रयोग झाला. संचालन रिचर्ड स्ट्राउसचं, वय अवघं २९. पुढच्याच वर्षी ती लंडनला पोचली. मोठमोठ्या देवदैत्यांच्या कथांनी जे दिलं नाही, ते भाचरांच्या खेळाने दिलं.

१९१२ मध्ये पक्षाघाताने त्यांचा डावा हात अधू झाला, तरी लिहिणं सुटलं नाही. २७ सप्टेंबर १९२१ ला ते गेले. १९३१ च्या नाताळच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधून रेडिओवर पहिल्यांदा अख्खी ऑपेरा ऐकवली गेली, ती हीच.

अजूनही नाताळाच्या सुमारास ठिकठिकाणी तिचे प्रयोग लागतात. फराळाचे डबे रिकामे झाले की मुलांना घेऊन एकदा जाऊन याच. भाषा कळली नाही तरी मुलं हलत नाहीत, बघा!