शहाजीराजे आणि लहान राज्याची युद्धनीती

भीमा व नीरा या दोन नद्यांमधला इंदापूरचा मुलूख सपाट; बारामती व सुपे हेही बहुतांशी तसेच. सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांचा आश्रय येथे नाही. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले आणि शहाजीराजांचे पितृछत्र बालपणीच हरपले. चुलते विठोजीराजे यांनी त्यांना वाढविले. आमच्या ज्ञातीतील कित्येक घराणी याच परगण्यांत नांदत आली; म्हणून राजांचे चरित्र आम्ही याच भूमीवरून पाहतो.

मोगलांपुढे निजामशाही लहान. ती कशी राखावी हे मलिक अंबराने दाखविले आणि राजांनी ते प्रत्यक्ष पाहिले. 1624 साली भातवडीस मोगल व आदिलशाही फौजा एकवटून आल्या, तेव्हा अंबराने तळ्याचे पाणी सोडून वाटा चिखलाच्या केल्या, रसद तोडली, छापे घातले, आणि शत्रू जेरीस आल्यावरच तो त्यावर तुटून पडला. राजांचे बंधू शरीफजी तेथे कामास आले.

1633 साली दौलताबाद पडले, निजामशहा कैद झाला. राजांनी त्या घराण्यातील मुर्तजा या बालकास पेमगिरीवर गादीवर बसवून तीन वर्षे राज्य चालविले. डोंगरी किल्ले हाती होते, घोडदळ चपळ होते. परंतु या नीतीचा एक खांब परक्याच्या अंगणात होता, तो म्हणजे विजापूरचा पाठिंबा. मे 1636 मध्ये शाहजहानने आदिलशहाशी तह केला आणि तो खांब निखळला. दोन्ही फौजा पाठीस लागल्या. अखेर माहुलीस राजांना शरण जावे लागले. कोणी यात राजांचा उणेपणा पाहतात. आम्हांस ते पटत नाही. दोन बलाढ्य शेजारी एक झाले की उसन्या बळावरचे राज्य टिकत नाही. तेथे सेनापतीचे शौर्य काय करणार? असो.

राजे आदिलशाही चाकरीत कर्नाटकात गेले. पुणे-सुप्याची जहागीर मागे राहिली. 1660 साली शाइस्ताखान सुपे-बारामतीच्या वाटेने पुण्यावर आला. त्याच सुमारास विजापूरच्या सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला होता, म्हणजे 1636 चाच पेच पुन्हा पडला. शिवाजीराजांनी सपाट मुलूख सोडला, गड धरले. चाकणचा कोट सुमारे दोन महिने झुंजून पडला. पण राज्य तगले, कारण या वेळी गड आणि माणसे स्वतःची होती. फौजांच्या टापांखाली मात्र आमच्या मैदानातलीच गावे आली.

शहाजीराजे जानेवारी 1664 मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निवर्तले. त्यांची समाधी तेथेच आहे.