विश्लेषण : ऑक्सिजनशिवाय स्नायूंना ऊर्जा कशी मिळते? ओटो मायरहॉफ यांनी नेमके काय शोधले?

४०० मीटर शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात धावपटूचे पाय जड होतात, छाती धपापते, तरी स्नायू काम करतच राहतात. श्वासातून मिळणारा ऑक्सिजन त्या वेगाला पुरत नसतो. मग ही ऊर्जा येते कुठून? जर्मन शास्त्रज्ञ ओटो मायरहॉफ यांनी या प्रश्नाच्या मागे आयुष्य घालवले. त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. पुढे त्यांच्या सिद्धान्ताचा गाभा चुकीचा ठरला आणि काही वर्षांनी त्यांच्यावर देश सोडण्याचीही वेळ आली.

कोण होते ओटो मायरहॉफ?

१२ एप्रिल १८८४ रोजी हॅनोव्हर येथे एका ज्यू व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपण बर्लिनमध्ये गेले. सोळाव्या वर्षी मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. वैद्यकीचे शिक्षण घेतल्यावर १९०९ मध्ये हायडेलबर्गहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही मानसोपचाराशी संबंधित विषयात. तेथेच त्यांची ओटो वॉरबुर्ग यांच्याशी ओळख झाली आणि ते पेशींच्या रसायनशास्त्राकडे वळले. नंतर कील विद्यापीठात त्यांनी स्नायूंवर प्रयोग सुरू केले.

बेडकाच्या स्नायूत काय दिसले?

बेडकाच्या पायाचा वेगळा काढलेला स्नायू ऑक्सिजन नसलेल्या वातावरणात ठेवून त्याला विजेचे सूक्ष्म झटके दिले, की तो आकुंचन पावे. स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, त्या वेळी कमी होई आणि त्याच प्रमाणात लॅक्टिक आम्ल तयार होई. नंतर ऑक्सिजन दिल्यावर हे आम्ल नाहीसे होई. पण खर्च झालेला ऑक्सिजन मोजला असता, तो आम्लाचा साधारण चौथा-पाचवा हिस्सा जाळण्यापुरताच भरे. उरलेल्या आम्लापासून पुन्हा ग्लायकोजेन बनत असल्याचे मायरहॉफ यांनी दाखवले.

इंग्लंडमध्ये आर्किबाल्ड हिल हे स्नायूंतून बाहेर पडणारी उष्णता मोजत होते. दोघांचे निष्कर्ष एकमेकांना पूरक ठरले. १९२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. पहिल्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतील हे दोन शास्त्रज्ञ होते.

मग सिद्धान्त चुकला कुठे?

लॅक्टिक आम्ल तयार होण्यामुळेच स्नायू आकुंचन पावतो, असे तेव्हा मानले जात होते. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी आयोडोअ‍ॅसिटिक आम्ल वापरून स्नायूंतील लॅक्टिक आम्लाची निर्मिती रोखली. तरीही स्नायू काही काळ आकुंचन पावतच राहिला. त्या वेळी त्यातील फॉस्फोक्रिएटिन खर्च होत होते.

हे फॉस्फोक्रिएटिन हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी काही वर्षांपूर्वीच उजेडात आणले होते. १९२९ मध्ये मायरहॉफ यांच्याच प्रयोगशाळेत कार्ल लोमान यांनी, तर स्वतंत्रपणे फिस्के-सुब्बाराव यांनी ‘एटीपी’ हा रेणू शोधला. स्नायू थेट वापरतो ते इंधन हेच, हे पुढे स्पष्ट झाले. लुंड्सगार्ड यांचा निष्कर्ष मायरहॉफ यांनी स्वीकारला आणि आपल्या प्रयोगशाळेचे काम फॉस्फेटयुक्त संयुगांकडे वळवले.

आज आपल्याला काय माहीत आहे?

अचानक जोर लावल्यावर पहिली काही सेकंदे फॉस्फोक्रिएटिन झटपट एटीपी तयार करून देते. त्यानंतर साखरेचे विघटन मोठा भार उचलते. साखर टप्प्याटप्प्याने तुटते, एटीपी मिळते आणि शेवटी लॅक्टेट उरते. या साखळीला एम्बडेन-मायरहॉफ-पार्नास मार्ग म्हणतात. ऑक्सिजनशिवाय ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे जेमतेम दोन रेणू हाती लागतात, तर ऑक्सिजनच्या साहाय्याने सुमारे ३०. मात्र पहिली प्रक्रिया फार वेगवान असते. म्हणूनच जोरात धावणे शक्य होते, पण फार काळ टिकत नाही.

जर्मनी का सोडावी लागली?

१९२९ पासून मायरहॉफ हायडेलबर्गच्या कैसर विल्हेल्म संस्थेत शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख होते. नाझी राजवटीत, १९३५ मध्ये, त्यांचा विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. १९३८ मध्ये ते पॅरिसला गेले. दोन वर्षांत जर्मन फौजा तेथेही पोहोचल्या. पिरेनीज पर्वत ओलांडून, स्पेनमार्गे ते ऑक्टोबर १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचले. रॉकफेलर फाऊंडेशनच्या मदतीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांच्यासाठी प्राध्यापकपद निर्माण करण्यात आले. १९४४ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊनही त्यांनी काम थांबवले नाही. ६ ऑक्टोबर १९५१ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले.

व्यायामानंतरची अंगदुखी लॅक्टिक आम्लामुळे?

जिममध्ये आजही असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्ववत होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, ते सवय नसलेल्या ताणामुळे स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. लॅक्टेट हा निव्वळ टाकाऊ पदार्थही नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, तर यकृत त्यापासून पुन्हा साखर बनवते.