मार्गारेटे श्टाइफ

मार्गारेटे श्टाइफ (जन्म : २४ जुलै १८४७, मृत्यू : ९ मे १९०९) या मऊ भरीव खेळण्यांच्या निर्मितीसाठी जगभर ख्यातनाम झालेल्या जर्मन उद्योजिका होत्या. त्यांच्या आडनावाचा इंग्रजी वळणाचा उच्चार 'स्टीफ' असा कानी पडतो. जर्मन उच्चार मात्र 'श्टाइफ' असाच आहे. जुन्या खेळण्यांच्या संग्राहकांत त्यांच्या कारखान्यातील अस्वलांना आज जे मोल आहे, ते अन्य फारच थोड्या खेळण्यांच्या वाट्याला आले आहे.

बालपण

दक्षिण जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग राज्यात ब्रेंझ नदीकाठच्या गिंगेन या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. वडील बांधकाम करणारे कारागीर होते. चार भावंडांत मार्गारेटे तिसऱ्या. दीड वर्षाच्या असताना तापाचे निमित्त झाले आणि त्यांचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले; उजवा हातही वेदनेवाचून हलवता येत नसे. पुढे हा पोलिओ असल्याचे निदान झाले. आईवडिलांनी उपचारांसाठी त्यांना दूरगावी पाठवले, परंतु गुण आला नाही.

भावंडे आणि शेजारची मुले त्यांना हातगाडीत बसवून शाळेत नेत. स्वभावाने त्या हसतमुख व हजरजबाबी होत्या आणि मुलांच्या घोळक्याच्या मध्यभागी असत. धावण्याचे खेळ मात्र त्यांना बसल्या जागेवरून पाहावे लागले. खेळण्यांच्या इतिहासातील एवढे मोठे नाव अशा बालपणातून घडले, ही गोष्ट चरित्रकार सहसा ओझरती सांगून पुढे जातात. ती तेवढी ओझरती नाही.

शिवणकाम

उजवा हात साथ देत नसताना शिवणकाम शिकण्याचा त्यांचा हट्ट घरच्यांना पटण्याजोगा नव्हता. तरीही त्या शिवणशाळेत गेल्या आणि सतराव्या वर्षी ते शिक्षण पूर्ण केले. झिथर हे तंतुवाद्यही त्या शिकल्या आणि त्याच्या शिकवण्या करून पैसे मिळवू लागल्या. बहिणींसह त्यांनी शिवणकाम सुरू केले व शिवणयंत्र घेतले. यंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि चाक डाव्या हाताशी आणले.

१८७७ मध्ये त्यांनी फेल्टचे तयार कपडे विकण्याचा व्यवसाय सुरू केला. फेल्ट म्हणजे लोकर दाबून केलेले, न विणलेले कापड. आपल्याकडील नमदा याच जातीचा. त्याचा कारखाना गिंगेनमध्येच होता. कापल्यावर या कापडाच्या कडांचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे लहान व वळणदार आकार शिवण्यास ते फार सोयीचे असते. हा गुण पुढे निर्णायक ठरला.

हत्ती

डिसेंबर १८७९ मध्ये 'मोडेनवेल्ट' या फॅशनविषयक नियतकालिकात कापडी हत्तीचा नमुना प्रसिद्ध झाला होता. त्यावरून मार्गारेटे यांनी फेल्टचे छोटे हत्ती शिवले. टाचण्या टोचून ठेवण्याची उशी म्हणून ते आप्तस्वकीयांना भेट द्यावेत, एवढाच हेतू होता. घरोघरच्या मुलांनी मात्र टाचण्या बाजूला सारून हत्ती खेळायला पळवले. तेव्हाच्या जर्मन बाहुल्यांची डोकी बहुधा चिनीमातीची असत; त्या जपून हाताळाव्या लागत. हा हत्ती पडला तरी फुटत नव्हता आणि कुशीत घेऊन झोपता येत होते. पहिल्या वर्षी अवघे आठ हत्ती विकले गेले. भाऊ फ्रिट्झ याने ते बाजारात नेऊन मागणी वाढवली आणि १८८६ पर्यंत विक्री पाच हजारांवर गेली. पाठोपाठ माकड, गाढव, घोडा, उंट असे प्राणी आले. १८९३ मध्ये खेळण्यांचा कारखाना म्हणून व्यवसायाची अधिकृत नोंदणी झाली. नवा नमुना विक्रीस जाण्यापूर्वी मार्गारेटे स्वतः तो शिवून तपासत. त्यांच्या हाताखालील बहुतेक कामगार स्त्रिया होत्या व अनेक जणी घरी बसून काम करीत.

अस्वल

१८९७ मध्ये फ्रिट्झचा मुलगा रिचर्ड कारखान्यात आला. त्याने स्टुटगार्टमध्ये कलाशिक्षण घेतले होते आणि तेथील प्राणिसंग्रहालयात बसून त्याने अस्वलांची रेखाटने केली होती. १९०२ मध्ये त्याने हातपाय हलणारे अस्वल तयार केले. '५५ पीबी' हे त्याचे नाव. ५५ सेंटिमीटर उंची, प्लश कापड आणि हलते अवयव असा त्याचा अर्थ. मोहेर लोकरीचे कापड महाग, शिवाय खेळणे जड, म्हणून मार्गारेटे प्रथम साशंक होत्या. १९०३ च्या लाइपझिग जत्रेतही कोणी फारसे लक्ष दिले नाही. जत्रा संपता संपता न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने ३,००० अस्वलांची मागणी नोंदवली.

नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला होता आणि त्यावरचे क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र गाजले होते. रूझवेल्ट यांच्या 'टेडी' या लाडक्या नावावरून अशा अस्वलाला 'टेडी बेअर' हे नाव पडले. ब्रुकलिनच्या मिचटम दांपत्यानेही याच सुमारास अस्वल बनवले. पहिले कोण, हा वाद जुना आहे. दोन्ही घरांनी एकमेकांना न कळता अस्वल बनवले असे मानण्यास काहीच अडचण नाही. १९०७ मध्ये गिंगेनच्या कारखान्यातून ९,७४,००० अस्वले बाहेर पडली. तेव्हा सुमारे ४०० कामगार कारखान्यात आणि १,८०० घरी काम करीत होते.

कानातील बटण

यशाबरोबर नकला आल्या. त्यांवर उपाय म्हणून फ्रान्झ या पुतण्याने १९०४ मध्ये प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचे बटण बसवण्याची कल्पना काढली. आरंभीच्या बटणावर हत्ती होता, नंतर काही काळ बटण कोरे होते आणि पुढे त्यावर आडनाव आले. १९०६ मध्ये कंपनी मर्यादित दायित्वाची झाली आणि कारभारात पुतण्यांचा वाटा वाढला. ९ मे १९०९ रोजी न्यूमोनियाने मार्गारेटे यांचे निधन झाले. त्या अविवाहित होत्या.

संग्राहक आणि श्टाइफ खेळणी

आपल्याकडे घरोघरी चिंध्यांची ठकी होत असे. ती फाटली की दुसरी. श्टाइफ अस्वलांचेही दीर्घकाळ असेच झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र मोठ्या माणसांनी ती गोळा करण्यास आरंभ केला आणि नकलांपासून बचाव करणारे बटण हे कालनिर्णयाचे साधन झाले. त्यावरील हत्ती, कोरा पृष्ठभाग वा अक्षरांचे वळण पाहून खेळण्याचे वय ठरवतात. अस्सल बटण दुसऱ्याच खेळण्याला लावून फसवणूक होऊ लागली, तेव्हा जाणकार शिवण, भरण आणि पंजेही तपासू लागले. आरंभीच्या काही अस्वलांचे अवयव धातूच्या सळ्यांनी जोडलेले असत; ते ओळखण्यासाठी क्ष-किरणांचाही उपयोग होतो. १९८० मध्ये कंपनीने जुन्या अस्वलाची मर्यादित संख्येची प्रतिकृती काढली. येथे खेळण्याचे स्वरूपच पालटले: ही प्रतिकृती मुलांसाठी नव्हती, कपाटात ठेवण्यासाठी होती.

न हाताळलेल्या, लोकर न झिजलेल्या खेळण्याला संग्राहक अधिक किंमत देतात. मुलाने प्रेमाने झिजवलेले अस्वल त्यामुळे मागे पडते. याला मोठा अपवाद 'टेडी गर्ल'चा. १९०४ च्या सुमाराचे हे अस्वल बॉब हेंडरसन या ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याने बालपणापासून जन्मभर जवळ बाळगले होते. १९९४ मध्ये लंडनच्या ख्रिस्टीज लिलावात ते १,१०,००० पौंडांना विकले गेले. तोपर्यंत कोणत्याही टेडी अस्वलाला इतकी किंमत आली नव्हती. जपानमधील इझू येथील अस्वलांच्या संग्रहालयासाठी ते घेण्यात आले.

रिचर्डच्या मूळ '५५ पीबी'चा मात्र एकही नमुना आजवर सापडलेला नाही. त्याचे हातपाय दोऱ्याने जोडलेले होते व ते सैल पडत असत. गिंगेन येथे कंपनीचे संग्रहालय आहे. तेथेही हे अस्वल प्रतिकृतीच्याच रूपात पाहावे लागते.