विल्यम हेन्री स्मिथ
विल्यम हेन्री स्मिथ यांचा जन्म लंडन शहरीं १८२५ सालीं झाला. धर्मोपदेशक व्हावें ही त्यांची मनापासून इच्छा. परंतु वडिलांच्या आज्ञेस मान देऊन ते त्यांच्या वर्तमानपत्रांच्या पेढींत शिरले. मनास किती मुरड घालावी लागली असेल, याची आम्हांस कल्पनाच करवत नाहीं! १८४८ सालीं यूस्टन स्टेशनावर त्यांच्या पेढीनें पुस्तकांचें दुकान मांडिलें. १८६५ सालीं वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकींत ज्या तत्त्ववेत्त्या मिल्लसाहेबांपुढें ते पडले, त्यांसच १८६८ सालीं हुजूरपक्षातर्फे त्यांनीं हरविलें. (मिल्लसाहेबांचे ग्रंथ वाचलेल्या आम्हांस हें थोडें खटकतेंच.) १८७७ सालीं ते आरमारखात्याचे प्रधान झाले. दुकानदारास समुद्राची काय माहिती, म्हणून पुष्कळ थट्टा झाली. त्यांनीं काम मात्र सोडलें नाहीं. पुढें १८८७ पासून ते कॉमन्स सभेचे पुढारी होते, व त्याच पदावर असतां १८९१ सालीं वारले.